डबीवरचं नाव

लघवी तपासायला द्यायची असेल तर आधी हात साबणानं धुवावेत. मग ती जागा साध्या पाण्यानं, पुढून मागं, अशी धुवावी आणि कोरडी करावी. पहिली धार जाऊ द्यावी, मधली डबीत धरावी, शेवटची पुन्हा जाऊ द्यावी. डबीच्या आत बोट लावू नये. झाकण घट्ट लावावं आणि तासाभरात लॅबमध्ये आणून द्यावी.

एवढं मला पाठ आहे. शिरूरच्या एका लॅबच्या खिडकीत मी सोळा वर्षं डब्या दिल्या आणि डब्या घेतल्या. पण त्यातली कितीतरी वर्षं हे सगळं मी कुणाला पूर्ण सांगितलंच नाही. डबी पुढं करायची, खाली बघायचं आणि म्हणायचं, "सकाळची आणा. झाकण लावून." बाकीचं पोटातच राहायचं. म्हणून या वहीत पहिल्यांदा तेच लिहिलं. वही नातीची आहे. तिची गणितं अर्ध्यात संपली, मागची पानं कोरी होती. कुणाला दाखवायला लिहीत नाही. कधी कुणाच्या हाती लागलीच तर निदान वरच्या ओळी तरी उपयोगी पडतील.

माझं माहेर कासुर्डी. वडिलांची मेंढरं होती. मी चौथी पास झाले आणि त्यानंतर मेंढरांमागं गेले, कारण धाकटा भाऊ शाळेत जायचा होता. लग्न होऊन शिरूरला आले. मालक टेम्पो चालवायचे, ते लवकर गेले. शेजारच्या बाईनं लॅबच्या मॅडमना सांगून मला कामाला लावलं. झाडलोट, काचा धुणं, डब्या देणं, डबीवर नाव लिहिणं. चौथीपर्यंतचं का होईना, अक्षर माझं गोल आहे. मॅडम म्हणाल्या, "मावशी, नावं तुम्हीच लिहा. दिलीपचं अक्षर दिलीपलाच वाचता येत नाही."

दिलीपभाऊ म्हणजे लॅबचे टेक्निशियन. तपासण्या ते करायचे. माणूस बोलका. हात चालू असताना तोंडही चालू. मला जे समजलं ते त्यांच्याकडून समजलं. ते डबी उजेडात धरायचे. म्हणायचे, "बघा मावशी, स्वच्छ असली तर पलीकडचं अक्षर वाचता येतं. गढूळ असली तर शंका घ्यायची." मग एक पट्टी बुडवायचे. पट्टीवर रंगाचे लहान चौकोन असतात. एक साखरेचा, एक रक्ताचा, एक पसाचा, म्हणजे पुवाचा. अजून एक चौकोन जंतूंचा, तो गुलाबी झाला की काही जातीचे जंतू आहेत असं समजायचं. पण तो गुलाबी व्हायला लघवी पोटात काही तास थांबलेली लागते, म्हणून सकाळची पहिली मागतात. आणि तो गुलाबी झाला नाही म्हणजे जंतू नाहीतच, असंही नसतं. त्यानंतर डबीतली थोडी लघवी यंत्रात गरागरा फिरवायची, खाली बसलेला गाळ काचेवर घ्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली पस सेल मोजायच्या. एका नजरेत दोन-चार दिसल्या तर चालतं. खूप दिसल्या तर इन्फेक्शन.

कल्चर वेगळं. त्याला डबी निर्जंतुक लागते, कागदाच्या पाकिटातली. डॉक्टरनं गोळ्या सुरू करायच्या आधी द्यावी लागते, नाहीतर जंतू दबतात. दिलीपभाऊ लघवीचा एक थेंब तारेनं एका थाळीत पसरायचे. ती थाळी ऊबेच्या पेटीत ठेवायची. एक-दोन दिवसांत जंतू असले तर थाळीवर ठिपके उगवतात, साबुदाण्याच्या पिठाचे शिंतोडे उडावेत तसे. मग त्यांच्यावर वेगवेगळ्या औषधांच्या चकत्या ठेवून बघायचं, कोणत्या औषधाला ते मरतात. मला ती थाळी बघायला आवडायची. आपल्या डोळ्यांना जे दिसत नाही ते दोन दिवस ऊब दिली की दिसायला लागतं, याचं मला नवल वाटायचं.

पण हे सगळं डबीवर अवलंबून. डबीच चुकीची आली तर पुढचं सगळं बरोबर करून उपयोग नाही. केंदूरचे एक आप्पा होते. त्यांना मी डबी दिली, तर त्यांनी ती घरी ताकातलं मीठ ठेवायला वापरली आणि लघवी आणली खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत. बाटली विसळली होती म्हणाले. पट्टीचा साखरेचा चौकोन पार काळपट झाला. घरच्यांनी आप्पांचा चहा बंद केला, भात बंद केला, सुनेनं गुळाची ढेप कपाटात कुलपात घातली. आठ दिवसांनी आप्पा काठी टेकत आले. "बाई, उपाशी मारता का मला? परत बघा." आमच्या डबीत दिली तर साखर अजिबात नाही. दिलीपभाऊ म्हणाले, "आप्पा, साखर तुमच्यात नव्हती, बाटलीत होती." आप्पा माझ्याकडं वळून म्हणाले, "ही बाई तोंडानं काय सांगतच न्हाई. नुसती डबी पुढं करती. मला वाटलं, ही मला दिलेली भेटच हाय."

सगळे हसले. मीही हसले. खरं तर आप्पा बरोबर बोलले होते.

मी बोलत नव्हते त्याला कारण होतं. नोकरीच्या सुरुवातीला मी एकदा बोलले होते. एक तरणी सून आली होती, सोबत सासू-सासरे. दिलीपभाऊंनी शिकवलं होतं की बाईला विचारायचं, पाळी चालू आहे का. असली तर लघवीत रक्त उतरतं आणि तपासणी चुकते. मी खिडकीतून विचारलं. सासू अशी फिरली माझ्यावर. "चार माणसांत काय इचारती गं? लाज न्हाई का बाई तुला?" सासरा उठून बाहेर गेला. सून खाली बघत राहिली. त्या दिवसापासून मी विचारणं सोडलं. मला आधीच कमी बोलायची सवय. मेंढरांमागं असताना आम्ही मुली उजाडायच्या आधी आडोशाला जायचो आणि मग अंधार पडल्यावर. मधला दिवस धरून ठेवायचा. कुणाला सांगायचं नाही, कुणाला दिसायचं नाही. जी धरून ठेवायची सवय लागली, ती बोलण्यातही तशीच राहिली.

धरून ठेवणाऱ्या बायका पुढंही फार बघितल्या. कंपनीतल्या मुली यायच्या, लांबून आलेल्या, हिंदी बोलणाऱ्या. एक जण महिन्या-दोन महिन्यांनी यायची. दिलीपभाऊ तिला म्हणाले, "पानी पिया करो. दिनभर पानी." ती म्हणाली, "भैया, पानी पिएँगे तो जाना पड़ेगा. जाएँगे तो लाइन रुकेगी." दिलीपभाऊ पुढच्या डबीकडं वळले. मी तिला दुसरी डबी दिली. तेवढंच माझ्या हातात होतं.

आता ज्यासाठी ही वही उघडली ते लिहिते.

कोरोनाच्या आधीची गोष्ट. बाजारचा दिवस होता. लॅब दोन खोल्यांची. बाहेरच्या खोलीत एक लांब बाकडं आणि त्या बाकड्याच्या बरोबर समोर संडास-बाथरूमचं दार. दाराची कडी ढिली होती. आत गेलेल्या बाईला एका हातानं दार ओढून धरावं लागायचं, नाहीतर बाहेर कुणीतरी उभं राहावं लागायचं. बाकड्यावर त्या दिवशी पाच-सहा पुरुष होते.

तिघी आल्या. एक म्हातारी होत चाललेली सासू, एक सतरा-अठरा वर्षांची मुलगी आणि सून. सून सहा महिन्यांची गरोदर. तिचा चेहरा लाल झालेला, एक हात पाठीमागं कमरेच्या वर दाबून धरलेला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लघवीची साधी तपासणी आणि कल्चर, दोन्ही होतं.

मी नाव विचारलं. "सारिका," ती म्हणाली.

"गाव?"

"निमोणे," सासूनं सांगितलं.

सारिका हळूच म्हणाली, "माहेर कासुर्डी."

मी वर बघितलं. "कुणाची गं?"

"मारुती आप्पांची धाकटी."

मारुती आप्पा आमच्या वाडीच्या शेजारचे. मी म्हणाले, "मीबी कासुर्डीचीच."

तिच्या तापलेल्या चेहऱ्यावर जरा हसू आलं. "मग तुम्ही माझ्या आत्या लागता."

मी तिला पाकिटातली डबी दिली. आत्या म्हटलं तरी मी तिला काही सांगितलं नाही. मधली धार धर, एवढंही नाही. बाकड्यावरचे पुरुष ऐकत होते. ती आत गेली. मुलगी दार धरून उभी राहिली. ती मुलगी म्हणजे तिची नणंद, कोमल. बराच वेळ झाला. सारिका रिकामी डबी घेऊन बाहेर आली.

"येत न्हाई," ती सासूला म्हणाली. "थेंब थेंब येतंय आन् लई आग होतीया."

"घरी दहांदा जाती, आन् हितं आल्यावर कसं न्हाई येत?" सासूचा आवाज मोठा होता. "खाली गाडी थांबलीय. त्यो ड्रायव्हर काय आपला जावई हाय व्हय?"

बाकड्यावर कुणीतरी हसलं. सारिकानं पदर पुढं ओढला.

मला तेव्हा काय सांगायला हवं होतं, ते मला माहीत होतं. तिला सांगायला हवं होतं की बस, दोन तांबे पाणी पी, अर्ध्या तासानं जा. सांगायला हवं होतं की कल्चरला चमचाभर पुरते, ते थेंब थेंबच धर, तेच आम्हाला हवेत. ज्या बाईला आग होते तिचीच तर तपासायची असते. मी म्हणाले, "बसा जरा." तेही इतकं हळू की सासूला ऐकू गेलं की नाही, ठाऊक नाही.

कोमलनं डबी वहिनीच्या हातातून घेतली. हसत, दबक्या आवाजात म्हणाली, "आण वैनी, मी देती. एकाच रांजणाचं पाणी पितो आपण. त्यात काय येगळं असतंय?"

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. घरात वहिनीचं पाणी ती भरायची, वहिनीच्या वाट्याच्या भाकरी ती थापायची. वहिनी दमली की तिचं काम आपण उरकायचं, हे तिला घरानंच शिकवलं होतं. हेही तिला तसलंच एक काम वाटलं.

माझी खिडकी त्या दाराला लागूनच, मी हातभर अंतरावर उभी होते. मी ऐकलं. सारिकानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

कोमल आत गेली आणि लगेच बाहेर आली. डबी काठोकाठ भरलेली. तिनं ती माझ्या हातात दिली. कोमट होती, फिकट पिवळी, पलीकडचं अक्षर वाचता येईल इतकी स्वच्छ. मी मार्करनं डबीवर नाव लिहिलं. सारिका. गोल अक्षरात.

आतून दिलीपभाऊंनी विचारलं, "मावशी, कुणाची आली?"

"सारिकाची," मी म्हणाले. त्या दिवशी मी मोठ्यानं बोललेला शब्द तेवढाच.

त्या गेल्या. मला वाटलं, बाकडं रिकामं झालं की दिलीपभाऊंना सांगू. बाकडं दुपारी रिकामं झालं, तोवर थाळी पेटीत गेली होती. मग वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता सांगितलं तर विचारतील काल का नाही सांगितलं. अशी कारणं मनाला भराभर सुचतात. थाळीवर काहीच उगवलं नाही. पट्टी स्वच्छ, पस सेल एक-दोन. रिपोर्ट छापून आला, तो मीच पाकिटात घातला.

न्यायला सारिकाचा नवरा आला. मोटारसायकल खाली लावून धावतच वर आला. "काय निघालं का?" त्यानं विचारलं.

दिलीपभाऊ म्हणाले, "काही नाही. एकदम क्लिअर."

"चला, बरं झालं," तो म्हणाला आणि पाकीट शर्टाच्या खिशात नीट घडी करून ठेवलं. त्यानं खिशावरून हात फिरवला. तो जिना उतरेपर्यंत मला वेळ होता. हाक मारायला एक शब्द लागला असता. मी फडकं घेऊन खिडकीची काच पुसत राहिले. ती सकाळीच पुसलेली होती.

पुढचं मला कासुर्डीहून भावजयीच्या फोनवर कळलं. तीन आठवडे झाले असतील. तिनं आधी कांद्याचं सांगितलं, मग कुणाच्या लग्नाचं. मग म्हणाली, "आन् वन्सं, मारुती आप्पांच्या सारिकाचं कळलं का?"

रिपोर्ट स्वच्छ बघून डॉक्टरांनी तापाच्या गोळ्या दिल्या होत्या. गरोदरपणात कंबर धरते, आराम करा म्हणाले. ताप उतरला, पुन्हा चढला. मग थंडी वाजून दात वाजायला लागले. माहेरी आणली, तिथून दौंडला दवाखान्यात नेली. तिथं नळी घालून लघवी काढली, ती पाण्यात पीठ कालवल्यासारखी होती. जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचले होते. कळा सुरू झाल्या त्या थांबल्या नाहीत. सातव्यातच झाली. मुलगी होती.

"राहिली न्हाई," भावजय म्हणाली. "सारिका वाचली तेच लई झालं. शिरूरच्या कुठल्या लॅबनं म्हणं चुकीचा कागद दिला. तुमच्या तिकडं कुठली हो?"

मी म्हणाले, "म्हाईत न्हाई."

लॅब कुठली ते चारच दिवसांत सगळ्यांना कळलं. सारिकाचा नवरा आला. त्यानं तोच कागद खिडकीतून आत टाकला. घड्या पडून पडून मऊ झाला होता. आरडाओरडा केला नाही. "हे घ्या," म्हणाला. "क्लिअर हाय म्हणला होता. ह्याचं आता मी काय करू, सांगा."

मॅडम बाहेर आल्या. दिलीपभाऊ उभे राहिले. म्हणाले, "भाऊ, जी डबी माझ्यापुढं आली, ती मी तपासली. मी दोनदा बघितलं होतं." नवरा तसाच निघून गेला. मी झाडू हातात घेऊन आतल्या खोलीच्या दारात होते.

त्यानंतर दिलीपभाऊंनी पट्ट्यांची सगळी डबी फेकून नवी मागवली. ऊबेच्या पेटीत थर्मामीटर ठेवून ते दर तासाला बघायचे. जुन्या थाळ्यांचं रजिस्टर काढून बसायचे. त्यांचं बोलणं कमी झालं. एकदा जेवायच्या सुट्टीत डबा न उघडता म्हणाले, "मावशी, कुठं चुकलं असेल हो माझं?" मी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

मी त्यांना सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही. मॅडमनाही नाही. ते दोघं मला भले समजतात. मी निवृत्त झाले तेव्हा मॅडमनी साडी दिली आणि म्हणाल्या की मावशींच्या हातून सोळा वर्षांत एक डबी इकडची तिकडं झाली नाही. दिलीपभाऊंनी टाळ्या वाजवल्या.

एवढं मात्र केलं. मॅडमना सांगून दाराला नवी कडी लावून घेतली आणि बाकडं दारासमोरून बाजूला हलवून मध्ये पडदा लावला. हे बोलायला मला चार दिवस लागले. मॅडम लगेच म्हणाल्या, "अहो, मग आधी का नाही सांगितलं?" सुतार दुसऱ्या दिवशी आला. अर्ध्या तासाचं काम.

आणि मी बोलायला लागले. सुरुवातीला लिहिलंय ते सगळं, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, प्रत्येकाला. बाईला पडद्यामागं नेऊन सांगायचे. कान तापायचे, पण सांगायचे. डबी परत घेताना विचारायचे, "ही तुमचीच ना?"

लोकांना गंमत वाटायची. एक आजी म्हणाली, "न्हाई गं बाई, म्हशीची हाय. गाभण हाय का तेवढं बघून सांग." कंपनीतला एक साहेब चिडला, "दुसऱ्याची आणून मला काय प्रमोशन मिळणार आहे का?" दिलीपभाऊ आतून म्हणायचे, "मावशींची चौकशी सुरू झाली." पण वर्षभरात तीन बायकांनी मान खाली घातली. एकीनं सांगितलं, "जावेची हाय. मला येईना." एकीनं सासूची आणली होती, एकीनं लेकीची. तिघींना मी नवी डबी दिली, पाणी दिलं, बसवून घेतलं. तेव्हा समजलं की सारिकाच्या आधीही असं किती वेळा झालं असेल. किती जणींची नावं मी दुसऱ्यांच्या डब्यांवर गोल अक्षरात लिहिली असतील. त्याचा पत्ता आता लागायचा नाही.

कोरोना ओसरला तेव्हाची गोष्ट. अजून काही जण मास्क लावायचे. दोघी जणी जिना चढून आल्या. एक पोटुशी, पाचवा-सहावा असेल. दुसरी तिच्या मागं, तिचा दंड धरून. चिठ्ठी पुढं आली तेव्हा पोटुशीनं नाव सांगितलं, कोमल. सासर केंदूर. मागच्या बाईनं मास्क खाली केला. ती सारिका होती. वाळली होती. कडेवर मूल नव्हतं, बोट धरूनही कुणी नव्हतं. मी विचारलं नाही.

"आईचं गुडघं धरल्यात," कोमल म्हणाली. "म्हणून वैनीच आली संगं. घरात हीच मला दवाखान्याचं बघती सगळं."

मी कोमलला पडद्यामागं नेलं आणि सगळं सांगितलं. ती लाजून हसत होती, "व्हय, व्हय" म्हणत होती. ती आत गेली. नव्या कडीचा आवाज आला. कडी लागलेली असूनही सारिका दाराला पाठ लावून उभी राहिली. ती जमिनीकडं बघत नव्हती. समोर बघत होती.

कोमल डबी घेऊन आली. मी हात पुढं केला आणि विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात सारिका म्हणाली, "तिचीच हाय, आत्या. मी दारात उभी होते."

कोमल पंख्याखाली जाऊन बसली. सारिका खिडकीजवळ आली. आवाज खाली आणून म्हणाली, "त्या दिशी तुम्ही बी हितंच उभ्या होता."

"व्हय," मी म्हणाले.

"मी बघितलं तुमच्याकडं. तुम्ही काय बोलला न्हाई. मला वाटलं, आत्या हाय, लॅबातली हाय. ती गप हाय म्हंजी चालत असंल."

एवढी वर्षं मी समजत होते की माझ्या गप्प बसण्याचा कुणाला पत्ता नाही. तिनं ते त्याच क्षणी बघितलं होतं आणि त्यावर भरवसा ठेवला होता.

तिनं कोमलकडं एकदा वळून बघितलं. "तिला म्हाईत न्हाई. कुणी सांगितलं न्हाई, मी बी न्हाई. आता तर सांगूच नका. तिनं मायेपोटी केलं हुतं."

माझ्याबद्दल ती काही म्हणाली नाही. पर्समधून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि कोमलच्या शेजारी जाऊन बसली.

डबी माझ्या हातात होती. कोमट. मी मार्कर घेतला आणि नाव लिहिलं. लिहून झाल्यावर वाचलं, तर सारिका लिहिलं होतं. स्पिरिटच्या कापसानं पुसलं. दोनदा पुसलं तरी प्लॅस्टिकवर फिकट निळं दिसतच होतं. त्याच्यावरच कोमल लिहिलं.

मी डबी आत दिली. दिलीपभाऊंनी ती उजेडात धरली. "मावशी, इथं दोन नावं दिसतायत. नक्की कुणाची?"

"कोमलची," मी म्हणाले. "विचारून घेतलंय."